ऑनलाइन पोकर: कौशल्याचा निकाल आणि नालीचा हिशेब

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आणली आणि पोकर-रमीच्या नामांकित ॲप्सवरचे पैशांचे डाव काही दिवसांत थांबले. बंदी योग्य की अयोग्य, यावर तेव्हापासून पुष्कळ लिहून आले. त्या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडला. नियमितपणे, विचार करून, वर्षानुवर्षे खेळणाऱ्याला यातून पैसा सुटतो का? जळगाव-धुळ्याकडे हा प्रश्न आजही जिवंत आहे. परदेशातून चालणारी ॲप्स फोनवर येत राहतात, गोव्याचे कॅसिनो उघडे आहेत आणि बंदीविरुद्धचा खटला न्यायालयात गेला आहे.

या वादात दोन प्रश्न सतत एकमेकांत मिसळतात. पोकर कौशल्याचा खेळ आहे का, हा न्यायालयाचा प्रश्न. पोकर फायद्याचा आहे का, हा घरातल्या वहीचा. पहिल्याचे उत्तर 'हो' आले म्हणून दुसऱ्याचेही तेच येते, असे समजणाऱ्यांचे सर्वांत जास्त नुकसान झाले, असे माझे मत आहे. म्हणून पुढचा आढावा हे दोन प्रश्न वेगळे ठेवून घेतला आहे.

आखाजी ते ॲप

खान्देशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा वर्षाचा मोठा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई बसते, झोके बांधले जातात, पितरांच्या नावाने घागर भरली जाते, सालदारांची बोली नव्याने ठरते. आणि पुरुष मंडळी पत्ते खेळतात. निंबाखाली, ओट्यावर, मळ्यात डाव बसतात. एरवी पत्त्याला हात न लावणारा माणूसही आखाजीला बसतो. गाव याकडे सणाचा भाग म्हणून पाहते आणि सण उलटला की बहुतेकांचे पत्तेही संपतात. वर्षभर चालणारे अड्डे निराळे. तिथले झन्नामन्ना आणि तीनपत्तीचे डाव वर्तमानपत्रात येतात ते पोलिसांच्या छाप्याच्या बातमीतून.

दुसरा धागा कापसाचा. मुंबईत आकड्याचा जुगार सुरू झाला तो न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजहून येणाऱ्या कापसाच्या उघडत्या आणि बंद भावांवर. १९६१ मध्ये ते भाव येणे थांबले. १९६२ मध्ये कल्याणजी भगत आणि त्यानंतर रतन खत्री यांनी आकडा काढण्याची आपापली रीत बसवली आणि मटका राज्यभर पसरला. मटक्यात मात्र 'लांबच्या पल्ल्यात कोण जिंकतो' हा प्रश्नच येत नाही. आकडा लावणाऱ्याच्या हातात काही नसते.

पोकरने हा प्रश्न आणला. २०१६ नंतर स्वस्त डेटा आला, त्याच सुमारास यूपीआय आले, २०२० च्या टाळेबंदीत माणसे घरात बसली, आणि पत्त्यांचा अड्डा खिशात आला. खेडोपाडी आधी रमी पोहोचली, कारण ती घरोघरी ठाऊक होती. पोकर तिच्या मागून आले, ते मुख्यतः पुण्या-मुंबईला शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुलांबरोबर. आखाजीच्या डावात समोर बसलेला माणूस ओळखीचा असे, रोकड संपली की उठावे लागे आणि चार दिवसांनी सणच संपत असे. फोनवरच्या डावात या तिन्ही गोष्टी गेल्या.

डाव कसा चालतो, पैसा कुठे जातो

टेक्सास होल्डेम या सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या प्रकारात प्रत्येकाला दोन झाकली पाने मिळतात आणि पाच पाने सगळ्यांसाठी टेबलावर उघडतात. पाने पाहून रक्कम लावायची, वाढवायची किंवा डाव सोडायचा. अड्ड्यावर मालक प्रत्येक डावातून आपला हिस्सा बाजूला काढतो, त्याला नाल म्हणतात. ॲपवरही नाल असते, तिला रेक म्हणतात. पोकरमध्ये ती साधारण पॉटच्या, म्हणजे डावात जमलेल्या एकूण रकमेच्या, ५ टक्क्यांच्या आसपास असते आणि तिला वरची मर्यादा असते. रमीत १० ते १५ टक्के नाल सर्रास होती.

रमीचा हिशेब सोपा आहे. दोघांनी शंभर-शंभर लावले आणि १० टक्के नाल गेली, तर जिंकणाऱ्याला १८० रुपये मिळतात. नुसते बरोबरीत राहायचे तर शंभरांपैकी साधारण ५६ डाव जिंकावे लागतात. नाल १५ टक्के असेल तर ५९. तोडीस तोड असलेले दोन मित्र रात्रभर खेळले, तर सकाळी दोघेही तोट्यात असतात.

पोकरचा हिशेब जरा लांबचा आहे, पण सगळा वाद त्यातच दडलेला आहे. सहा जणांचे टेबल घेऊ. ब्लाइंड, म्हणजे पाने पाहण्याआधी दोघांनी सक्तीने लावायच्या रकमा, ५ आणि १० रुपयांचे, प्रत्येकाने हजार रुपये घेऊन बसायचे, तासाला ७० डाव. सरासरी पॉट २०० रुपयांचा धरला तर दर डावाला १० रुपये नाल, म्हणजे तासाला ७००. टेबलावर मिळून सहा हजार रुपये आहेत. साडेआठ तासांत तेवढी रक्कम मालकाकडे गेलेली असते. खेळाडूंमध्ये कोण हरले, कोण जिंकले, याने त्यात फरक पडत नाही.

या टेबलावर एक खरोखर चांगला खेळाडू बसला आहे असे धरू. चांगला म्हणजे नाल वजा जाता शंभर डावांमागे पाच मोठे ब्लाइंड, म्हणजे ५० रुपये, कमावणारा. लहान रकमेच्या टेबलावर हा दर उत्तम समजला जातो. शंभर डावांत त्याच्या वाट्याची नाल सुमारे १६७ रुपये होते. म्हणजे तो इतरांकडून २१७ रुपये मिळवतो, त्यातले १६७ मालकाला जातात आणि ५० त्याच्याकडे उरतात. तासाला त्याचे ३५ रुपये सुटावेत म्हणून उरलेले पाच जण प्रत्येकी सरासरी १४७ रुपये हरत असतात.

पैसा सुटतो म्हणणाऱ्यांची बाजू

या बाजूला भरीव पुरावा आहे आणि तो नीट वाचला पाहिजे. स्टीव्हन लेव्हिट आणि थॉमस माइल्स या अमेरिकी अभ्यासकांनी २०१० च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचे निकाल तपासले. स्पर्धेआधीच कुशल म्हणून गणले गेलेले खेळाडू लावलेल्या रकमेवर ३० टक्क्यांहून अधिक फायद्यात राहिले. बाकीचे १५ टक्क्यांहून अधिक तोट्यात गेले. निव्वळ नशिबाच्या खेळात असा फरक पडला नसता.

ऑनलाइन खेळाबद्दलचा महत्त्वाचा अभ्यास डच संशोधकांचा आहे. तो २०१५ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात आला. सुमारे ४५.६ कोटी नोंदी तपासून त्यांनी दाखवले की पहिल्या सहामाहीत वरच्या दहा टक्क्यांत असलेला खेळाडू दुसऱ्या सहामाहीतही तिथेच राहण्याची शक्यता इतरांच्या दुपटीहून जास्त असते. अगदी वरच्या एक टक्क्यात हे प्रमाण बारा पटींवर जाते. त्यांच्या मते सुमारे दीड हजार डावांनंतर कौशल्य नशिबावर मात करू लागते.

आपल्याकडेही या बाजूची माणसे पोकळ बोलत नव्हती. २०१७ पासून भारतीय आणि भारतीय वंशाच्या खेळाडूंनी वर्ल्ड सिरीजची मानाची कडी जिंकली आहेत. निपुण जावा आणि निकिता लूथर ही त्यांतली नावे. कोळिकोडच्या आयआयएममध्ये पोकरच्या आधाराने डावपेच शिकवणारा अभ्यासक्रम चालला. गंभीर खेळाडू प्रत्येक डावाची नोंद ठेवतो, टेबल निवडून बसतो, टेबलावर घेऊन बसायच्या रकमेच्या किमान वीस-तीस पट रक्कम बाजूला राखून खेळतो आणि नालीतला जो भाग ॲप परत देते तो मिळवतो. काहींची खरी कमाई त्या परताव्यातूनच होते. या शिस्तीला मी कमी लेखत नाही. शेअर बाजारातल्या अनेकांकडे ती नसते.

सुटत नाही म्हणणाऱ्यांची बाजू

ही बाजू कौशल्य नाकारत नाही. ते कौशल्य किती जणांकडे आहे, त्याचे रुपयांत किती होतात आणि ते दिसून यायला किती वेळ लागतो, हे ती विचारते.

आधी वेळ. हातात दोन एक्के आले आणि समोर कोणतीही दोन पाने असली, तर एक्केवाला साधारण ८५ टक्के वेळा जिंकतो. म्हणजे सर्वांत उत्तम पाने असूनही सातांत एकदा हरतो. असे चढउतार साठत जातात. शंभर डावांमागे पाच ब्लाइंड कमावणाऱ्या आपल्या खेळाडूसाठी त्याच शंभर डावांतला चढउतार शंभर ब्लाइंडच्या घरात असतो. त्यामुळे दहा हजार डावांनंतरही तो तोट्यात असण्याची शक्यता सुमारे ३१ टक्के राहते. एक लाख डावांनंतर ती ६ टक्क्यांवर येते. याची उलट बाजू जास्त घातक आहे: मुळात हरणारा खेळाडूही दहा हजार डावांनंतर फायद्यात दिसू शकतो आणि स्वतःला कुशल समजून मोठ्या टेबलावर जातो. डच अभ्यासातले दीड हजार डाव कौशल्याचा प्रभाव जाणवण्यापुरते आहेत. घर चालवण्याची खात्री त्याहून फार दूर आहे.

मग रुपये. दोन टेबलांवर एकदम खेळून तासाला १४० डाव धरले तर एक लाख डावांना सुमारे ७१४ तास, म्हणजे रोजचे आठ तास धरून जवळजवळ ८९ दिवस लागतात. कमाई ५० हजार. त्यावर ३० टक्के प्राप्तिकर गेला की ३५ हजार, दिवसाला ३९० रुपयांच्या आसपास. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी ३१२ रुपये होती. आणि हा हिशेब जिंकणाऱ्याचा आहे. मोठ्या टेबलावर आकडा वाढतो हे खरे, पण तिथे समोर बसलेलाही अभ्यास करूनच आलेला असतो.

कराची गोष्ट वेगळी सांगावी लागेल, कारण लांबच्या हिशेबात तीच सर्वांत निर्णायक आहे. एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के कर बसला, आणि एका वर्षीचा तोटा पुढच्या वर्षीच्या फायद्यातून वजा करता येत नाही. एखाद्याने पहिल्या वर्षी दोन लाख जिंकले आणि दुसऱ्या वर्षी दीड लाख हरला असे धरा. दोन वर्षांत त्याचे पन्नास हजार सुटले. पण पहिल्या वर्षीचा कर साठ हजार. खेळात जिंकूनही तो दहा हजारांनी तोट्यात गेला. त्यात १ ऑक्टोबर २०२३ पासून जमा केलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी आला. तेव्हा हजार रुपये भरले की त्यातले २१८ रुपये ७५ पैसे करात जात. बऱ्याच कंपन्यांनी काही काळ बोनस देऊन हा भार झाकला, पण पैसा कुठून तरी यावाच लागतो.

आणखी दोन मुद्दे या बाजूकडून येतात. कायल सायलर यांनी २०१० मध्ये २.७ कोटी डाव तपासले तेव्हा दिसले की जास्त डाव जिंकणारे अनेकदा जास्त पैसे हरतात: लहान-लहान विजय हुरूप देतात आणि एखादा मोठा पराभव सगळे घेऊन जातो. दुसरा मुद्दा समोर कोण बसले आहे याचा. २०१९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकच्या 'प्लुरिबस' या प्रणालीने सहा जणांच्या टेबलावर व्यावसायिकांना हरवले. तिला तयार करायला लागलेली संगणकशक्ती दीडशे डॉलरहून कमी किमतीची होती. याच्या बारा वर्षे आधी, २००७ मध्ये, 'अ‍ॅब्सोल्यूट पोकर' या संकेतस्थळावर काही खात्यांना इतरांची झाकली पाने दिसत असल्याचे उघड झाले होते. निंबाखालच्या डावात पाने पिसणारा हात डोळ्यांसमोर असतो. इथे तो दिसत नाही.

न्यायालये आणि कायदा

या वादाचे मूळ मुंबई राज्यातच आहे. बक्षिसांच्या स्पर्धांवर नियंत्रण आणणाऱ्या मुंबईच्या १९४८ च्या कायद्यावरून चमारबागवाला खटला झाला. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की जुगाराला व्यापाराचे घटनात्मक संरक्षण नाही. ज्यात कौशल्य प्रधान आहे त्या स्पर्धा मात्र वेगळ्या. १९६८ च्या सत्यनारायण खटल्यात रमी मुख्यत्वे कौशल्याचा खेळ ठरली, आणि त्याच निकालात तीनपत्तीसारखे खेळ निव्वळ नशिबाचे मानले गेले. पोकरवर एकमत झाले नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्याला कौशल्याचा खेळ मानले, गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये जुगार, अलाहाबादने २०२४ मध्ये पुन्हा कौशल्याचा. आपल्या राज्यात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा चालतो आणि निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यात सूट आहे.

जुलै २०२५ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत फोनवर रमी खेळत असल्याचा आरोप करणारी चित्रफीत फिरली. आपण आलेली जाहिरात बंद करत होतो, असे त्यांनी सांगितले. त्यांचे खाते बदलले. महिन्याभरात केंद्राचा कायदा आला. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या या कायद्याने कौशल्य आणि नशीब हा भेदच बाजूला ठेवला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ चालवला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात केली तर दोन वर्षे आणि पन्नास लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. कंपन्यांचे म्हणणे असे की न्यायालयांनी मान्य केलेला व्यवसाय एका फटक्यात मोडला, दोन लाख नोकऱ्या धोक्यात आल्या आणि खेळणारे बेकायदा परदेशी ॲप्सकडे ढकलले गेले. सरकारचे म्हणणे असे की कुटुंबे उद्ध्वस्त होत असताना कौशल्याची व्याख्या करत बसणे परवडणारे नव्हते. वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतल्या याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग झाल्या.

खान्देशातला पैसा

फायद्या-तोट्याचे गणित पैसा कुठला आहे यावरही ठरते. पोकरची सगळी शास्त्रशुद्ध पुस्तके एक गोष्ट धरून चालतात: खेळायची रक्कम संसाराच्या रकमेपासून वेगळी असावी आणि ती बुडाली तरी घराला धक्का लागू नये. पगारदाराला हे निदान शक्य आहे. कपाशीवाल्याचा पैसा दिवाळीपासून पुढच्या काही महिन्यांत येतो आणि त्यातूनच उधारी फिटते, मुलीचे लग्न होते, पुढची पेरणी होते. रावेर-यावलच्या केळीवाल्याचे एका वादळात होत्याचे नव्हते होते. अशा घरात 'राखीव रक्कम' म्हणजे बहुधा बियाण्याचे किंवा पीककर्जाचे पैसे. चांगल्या खेळाडूलाही जे चढउतार सोसावे लागतात, ते सोसायची ताकदच या पैशात नाही. आखाजी येते ती नेमकी पेरणीच्या तोंडावर, हे जुन्या लोकांना पक्के ठाऊक होते. म्हणून त्या डावाला चार दिवसांची वेस होती.

शिवाय जिंकणारा दिसतो आणि हरणारा दिसत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका पोलीस उपनिरीक्षकाने फँटसी क्रिकेटमध्ये दीड कोटी जिंकले, ती बातमी गावोगाव पोहोचली. त्यांचे निलंबन झाले, ही पुढची बातमी तितकी फिरली नाही. हरलेला माणूस तर घरातही सांगत नाही. कळते ते वसुलीवाला दारात आल्यावर.

काय सुटायचे राहिले

तत्त्वतः लांबच्या पल्ल्यात पोकरमधून पैसा सुटू शकतो, यावर अभ्यासकांत आज फारसे दुमत नाही. तो थोड्यांनाच सुटतो यावरही नाही. वाद आहे तो 'थोडे' म्हणजे किती, यावर, आणि त्याचे उत्तर भारतापुरते कोणी दिलेले नाही. कायदा आणताना सरकारने सांगितलेला अंदाज असा: ४५ कोटी लोक, वर्षाला २० हजार कोटींचा तोटा. भागाकार केला तर माणशी सुमारे ४४४ रुपये येतात. या सरासरीतून काहीच कळत नाही. तोटा सगळ्यांवर पसरलेला होता की काही लाख घरांवर कोसळला होता, हे कळायला खातेनिहाय आकडे लागतात.

असे आकडे काढता येतात हे सेबीने दाखवून दिले आहे. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदार तोट्यात गेले आणि एकूण तोटा १.८ लाख कोटींहून जास्त झाला, असा तिचा सप्टेंबर २०२४ चा अहवाल सांगतो. खर्च वजा जाता एक लाखाहून अधिक कमावणारे फक्त १ टक्का निघाले. पोकर-रमीच्या कंपन्यांकडे प्रत्येक खात्याची पैशापर्यंतची नोंद होती. कापलेल्या कराची माहिती प्राप्तिकर खात्याकडे आहे.

परदेशी ॲप्सवर किती जण गेले, याची मोजणी नाही. तिथे अडकलेले पैसे परत मिळवण्याचा मार्गही नाही. अमेरिकेने एप्रिल २०११ मध्ये मोठ्या पोकर संकेतस्थळांवर कारवाई केली तेव्हा 'फुल टिल्ट'च्या खेळाडूंना परतावा मिळायला २०१४ उजाडले, आणि तिथे निदान वसुली करून देणारे सरकार होते.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कोणत्याही बाजूने लागो, त्याआधी केंद्र सरकारने बंद पडलेल्या कंपन्यांच्या खात्यांच्या नोंदी नष्ट होऊ न देता ताब्यात घ्याव्यात आणि खेळाडूंची नावे वगळून त्यांचा जिल्हावार अहवाल प्रसिद्ध करावा. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतून किती पैसा गेला, किती परत आला आणि किती जणांना खरोखर सुटला, हे त्या नोंदींत लिहिलेले आहे.